अ‍ॅजाइल जाहीरनामा आणि मुंबई उपनगरांतील सॉफ्टवेअर सेवाउद्योग : एक चिकित्सा

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे एकत्र आलेल्या १७ तज्ज्ञांनी तयार केलेला अ‍ॅजाइल जाहीरनामा हा सॉफ्टवेअर-निर्मितीच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दस्तऐवज मानला जातो. ४ मूल्ये आणि १२ तत्त्वे एवढाच त्याचा विस्तार. प्रक्रियेपेक्षा माणसे, कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाचे सहकार्य आणि आराखड्यापेक्षा बदलाला प्रतिसाद, असा त्यातील प्राधान्यक्रम आहे. करार किंवा आराखडा निरुपयोगी आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. भक्त आणि टीकाकार या दोघांच्याही नजरेतून ही बाब बहुधा निसटते.

मात्र या जाहीरनाम्यामागे एक न बोललेले गृहीतक आहे, ते म्हणजे ग्राहक हाकेच्या अंतरावर आहे. व्यवसायाकडील मंडळी आणि विकसक यांनी रोज एकत्र काम करावे, समोरासमोरचा संवाद सर्वांत परिणामकारक, ही तत्त्वे त्याशिवाय उभीच राहत नाहीत. अंधेरीतील सीप्झची स्थापना १९७३ मध्ये निर्यातीसाठीच झाली आणि नोव्हेंबर २००० मध्ये त्याला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. तेथील निर्यातदार सॉफ्टवेअर कंपन्यांच्या दृष्टीने ग्राहकाचे दूर असणे हा अपवाद नसून व्यवसायाचा पायाच आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा मुंबईत उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. स्क्रम पद्धतीतील १५ मिनिटांची दैनंदिन बैठक ग्राहकाच्या उपस्थितीत घ्यायची, तर ती याच वेळी घ्यावी लागते. ज्या बैठकीत पुढच्या कामाचे नियोजन व्हायचे, ती अशा रीतीने झालेल्या कामाचा हिशेब देण्याची बैठक होते. सहकाऱ्यांशी बोलण्याचा सूर जाऊन जाब देण्याचा सूर येतो. बोरिवलीची किंवा मुलुंडची गाडी त्यानंतर पकडायची असते, हे वेगळेच.

याहून मूलभूत अडचण कराराची आहे. ठरावीक किमतीच्या करारात कामाची व्याप्ती, मुदत आणि मोबदला आधीच निश्चित झालेला असतो. त्यानंतर दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट आखणे म्हणजे जुन्याच आराखड्याच्या फोडी करणे होय. तासांवर आकारणी होणाऱ्या करारात थोडी मोकळीक असते, पण तेथे टाइमशीट आड येते. कोणते काम आधी करायचे हे ठरविण्याचा अधिकार प्रॉडक्ट ओनरचा, आणि तो बहुधा सातासमुद्रापलीकडे. सायंकाळी विचारलेला एखादा प्रश्न अनुत्तरित राहिला, की कामाच्या १० दिवसांतील एक दिवस गेला. अंदाजासाठी असलेले स्टोरी पॉइंटही पुढे चमूंची तुलना करण्याचे साधन बनतात. जाहीरनाम्याचे एक स्वाक्षरीकर्ते रॉन जेफ्रीज यांनी तर २०१९ मध्ये, ही कल्पना आपणच काढली असल्यास त्याबद्दल खेद वाटतो, अशा आशयाचे लिहिले.

मुंबईस्थित टीसीएसने २०२० पर्यंत संपूर्ण संस्था अ‍ॅजाइल करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. असे उद्दिष्ट संस्थेला आपल्या हद्दीत गाठता येईल. ग्राहकाच्या कार्यालयातील अधिकारवाटप त्याने बदलत नाही. येथे कागदपत्रांच्या परंपरेची हेटाळणी करणेही अन्यायाचे ठरेल. १९९० च्या दशकात भारतीय कंपन्यांनी सीएमएम मानांकनासाठी जी काटेकोर नोंदणी अंगवळणी पाडली, तिनेच दूरच्या ग्राहकाचा विश्वास मिळवला. समोरासमोर भेट शक्य नव्हती, म्हणून कागद बोलत होता.

खरी चपळता पाहायची असेल तर ती देखभालीच्या कामात पाहावी. मुंबईत दुपार असते तेव्हा अमेरिकेत मध्यरात्र उलटलेली असते. अशा वेळी ग्राहकाची प्रणाली बंद पडली, तर विचारायला कोणी जागे नसते. दोघे-तिघे विकसक एका पडद्याभोवती जमतात, दोष शोधतात, दुरुस्ती करतात, ती तपासून सुरू करतात. निर्णय त्यांचाच असतो. स्प्रिंटच्या आलेखात या कामाला बहुधा स्थान नसते. सायंकाळच्या बैठकीत, प्रणाली पूर्ववत सुरू आहे, एवढेच ग्राहकाला कळविले जाते.