सव्वा, अडीच, पावणेचार, पाच

बे एके बे सगळ्यांनाच येतं. मराठी पाढ्यांचं खरं वैभव मात्र पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीत आहे. हे पाढे कागदावर वाचायचे नाहीत, मोठ्यानं म्हणायचे.

सवायकी म्हणा: सव्वा, अडीच, पावणेचार, पाच. पुढं सव्वासहा, साडेसात, पावणेनऊ, दहा. दर चौथ्या घरी पूर्णांक समेसारखा येतो आणि कान तिथं आधीच पोचलेला असतो. आता पाऊणकी: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. टप्पे तेच, क्रम उलटा! सवायकी सव्वाकडून पावणेकडे जाते, पाऊणकी पावणेकडून सव्वाकडे. एकात पाव वाढवला की सव्वा, पाव काढला की पाऊण. म्हणून हे दोन पाढे एकमेकांची प्रतिबिंबं होतात. गणितातली इतकी देखणी गोष्ट घोकता घोकता हाती लागावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, दोनच पावलांत नाचते: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा.

रुपयाचे १६ आणे आणि शेराचे चार पावशेर असताना बाजाराला हे पाढे रोज लागत. १९५७ साली दशमान नाणी आली आणि ती गरज ओसरली. पण त्यांतली युक्ती जुनी झालेली नाही. २४ गुणिले १२५ विचारा. सवायकी येणारा माणूस गुणाकार मांडतच नाही. चोवीस सव्वा तीस, त्यावर दोन शून्यं, तीन हजार. १६ गुणिले ७५? सोळा पाऊण बारा, म्हणजे बाराशे.

साध्या पाढ्यांतही मन आकडेमोड क्वचितच करतं, ते बहुधा आठवतं. पाचाचा पाढा आणि सात सत्ते एकोणपन्नास यांसारखे वर्ग चटकन येतात. सात अठ्ठे म्हणताना जीभ अडखळते. चुकलं तरी बहुतेकदा ४९ किंवा ६३ असं पाढ्यातलंच शेजारचं घर निघतं. भागाकाराला तर स्वतःचा पाढाच नाही. छप्पन भागिले सात म्हटलं, की मन साताच्या पाढ्यात शिरून छप्पन शोधतं आणि आठ घेऊन परततं. तीन हजार भागिले १२५ साठीही तेच: सवायकीत तीस कुठं येतात? चोविसाव्या घरी.