तीनशे नंबरच्या बसचे छायाचित्र

छायाचित्रकार आलेक्स लेवाक यांना २००५ साली इस्राएल पारितोषिक मिळाले. त्यांच्या ज्या एका छायाचित्राने सरकारची झोप उडविली, त्याविषयी येथे चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटते.

१२ एप्रिल १९८४ रोजी तेल अवीवहून अश्कलोनला निघालेली ३०० नंबरची बस चौघांनी पळविली. अश्कलोनला आपली कितीतरी बेने इस्राएल कुटुंबे राहतात. त्या बसमध्ये आपलेही कोणी असू शकले असते. दुसऱ्या दिवशी पहाटे गाझा पट्टीत सैन्याने बस सोडविली. त्यात एक तरुण सैनिक मुलगी प्राणास मुकली. चारही अपहरणकर्ते कारवाईत मेले, असेच लोकांना प्रथम कळले.

छायाचित्र निराळे सांगते. रात्रीचा अंधार, फ्लॅशचा उजेड आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलेला, बेड्या घातलेला एक तरुण. कलाकुसर म्हणावी तर काही नाही. पण आम्ही उभा जन्म वॉर्डात काढला. रोगी चालत आला की स्ट्रेचरवरून, हे केसपेपरवर प्रथम लिहावे, असे आम्हांला मुंबईतच शिकविले होते. हा माणूस स्वतःच्या पायांवर आहे. छायाचित्राचे सारे सामर्थ्य एवढ्यातच आहे.

त्याची मर्यादाही तीच. भेदरलेले उतारू त्यात नाहीत, ती मुलगी नाही, पुढे काय घडले तेही नाही. ते सांगण्याचे काम वृत्तपत्राचे. सेन्सॉरने छायाचित्र अडविले. पुढे 'हदाशोत' या नव्यानेच निघालेल्या पत्राने चौकशी समिती नेमल्याची बातमी सेन्सॉरला न दाखविता छापली. तेव्हा ते पत्रच काही दिवस बंद ठेवण्यात आले.

अखेर सत्य बाहेर आले. दोघांना जिवंत पकडून नंतर शिन बेतच्या माणसांनी मारले होते. दोष मात्र एका लष्करी अधिकाऱ्याच्या माथी मारला गेला. तो १९८५ साली निर्दोष सुटला. १९८६ साली शिन बेतच्या प्रमुखांनी पद सोडले, आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांना खटल्याआधीच माफी दिली.

कोणी म्हणतील, अशांची कणव कशाला? आम्ही कणव मागत नाही. त्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण ती न्यायालयाने द्यायची. युद्धात काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, हेही मान्य. आपली मुले सैन्यात जातात. त्यांच्यावर उद्या नाहक आळ आला, तर त्यांना वाचविणारी गोष्ट सत्यच असेल.

१९६४ साली विवाहाच्या प्रश्नावर आपले लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले, तेव्हा आपले गाऱ्हाणे वर्तमानपत्रांतून देशभर गेले. त्या ऑगस्टमध्ये, आपण सर्व बाबतींत यहुदीच आहोत, असे क्नेसेतने जाहीर केले. त्या वेळी कोणी ती बातमी अडविली असती, तर?

वाचकहो, हे छायाचित्र घरातल्या मुलांना दाखवा आणि एवढेच विचारा, हा माणूस चालतो आहे ना?