उधारीवरची भुतं

‘द विंचेस्टर्स’च्या तेराव्या आणि शेवटच्या भागात डीन विंचेस्टर आपली काळी इम्पाला घेऊन हजर होतो आणि खुलासा करतो, की इतके दिवस जे जॉन आणि मेरी पडद्यावर भुतं मारत होते ते त्याचे आईबाप नव्हतेच. ते दुसऱ्या एका विश्वातले जॉन आणि मेरी. झालं, संपलं. ‘सुपरनॅचरल’ या मूळ मालिकेने २००५ ते २०२० अशी पंधरा वर्षं आणि ३२७ भाग एक गोष्ट प्रेक्षकाच्या मनावर कोरली होती: १९८३च्या नोव्हेंबरात मेरी छताला चिकटून जळाली, त्या रात्रीपर्यंत जॉनला भुताखेतांचा गंधही नव्हता. आणि ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या या नव्या मालिकेत तोच जॉन १९७२ साली शिकारीला निघालेला. चाहते पहिल्या भागापासून विचारत होते, हे कसं? पाच महिन्यांनी उत्तर मिळालं ते असं. उधारी फेडता येईना म्हणून दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत वहीच बदलली. मे २०२३मध्ये वाहिनीने मालिका गुंडाळली, तेव्हा हळहळणारे फारसे कोणी उरले नव्हते.

या मालिकेचा जन्मही तसाच झाला होता. पंधरा वर्षं डीनचा धाकटा भाऊ सॅम साकारणाऱ्या जॅरेड पॅडलेकीला २०२१मध्ये तिची बातमी ट्विटरवरून कळली आणि त्याने आपली नाराजी तिथेच बोलून दाखवली. घरातल्या धाकट्याला न विचारता घराची वाटणी झाली, म्हणायला हरकत नाही.

हल्ली अशा प्रत्येक निसरड्या जागी ‘युनिव्हर्स’ हा शब्द पुढे केला जातो. अॅन राइसच्या कादंबऱ्यांवरच्या मालिकांचं एएमसी वाहिनीने ‘इम्मॉर्टल युनिव्हर्स’ केलं. आपल्याकडे ‘स्त्री’, ‘मुंज्या’ वगैरे चित्रपटांचंही विश्वच झालं आहे. पात्र नको, गाव नको, थेट ब्रह्मांड! वाहिन्यांची अशी ठाम समजूत झालेली दिसते, की चाहत्याला त्या जगाचे नियम, त्याचा नकाशा आणि वंशावळ यांची भूक असते. गेल्या पंचवीस वर्षांत चाललेले आणि पडलेले स्पिन-ऑफ शेजारी ठेवून पाहिले, तर ही समजूत कुठेच टिकत नाही.

भूत म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंज्या होऊन पिंपळावर बसतो, बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते. मेलेला प्रत्येक जण काही भूत होत नाही; ज्याचं काही राहून गेलं तोच होतो. स्पिन-ऑफचंही नेमकं हेच आहे. मूळ मालिकेत ज्याचं येणं-देणं राहून गेलं, त्या पात्राला आपल्या पायांवर फिरायचा हक्क मिळतो. ज्याचं काहीच राहिलं नाही त्याला ओढून आणलं, तर ते भूतही होत नाही. तिरडीवरून उठवून बसवलेलं प्रेत होतं.

‘एंजल’ याचा पहिला आणि आजही सर्वांत मोठा पुरावा. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’मधला एंजल हा तसा नायिकेचा उदास प्रियकर. अशा पात्राला स्वतंत्र मालिका देणं म्हणजे लोणच्याच्या फोडीचं जेवण करणं. पण जॉस व्हेडन आणि डेव्हिड ग्रीनवॉल्ट यांनी १९९९मध्ये त्याला लॉस एंजलिसला नेलं, तेव्हा त्याचं प्रेम मागे ठेवलं आणि त्याचं कर्ज तेवढं सोबत दिलं. शंभरहून जास्त वर्षांचे खून या माणसाच्या नावावर आहेत. जिप्सी टोळीच्या शापाने त्याला आत्मा परत मिळाला, तो सुखासाठी नव्हे, केलेलं सगळं आठवत राहावं म्हणून. मूळ मालिकेत तो पुन्हा पिसाळला आणि त्याने शाळेतल्या जेनी कॅलेंडरची मान मोडली. हा प्रेक्षकाने स्वतः पाहिलेला गुन्हा होता. तो विसरून पुढे जायची मुभा नव्या मालिकेने ना एंजलला दिली, ना प्रेक्षकाला.

आणि त्याला दिलेलं शहर पाहा. सनीडेल हे शाळेचं गाव होतं; तिथली भुतं पौगंडातल्या भीतीची. लॉस एंजलिसमध्ये भुतांचं वकीलपत्र घेणारी एक कायदेशीर कंपनी आहे, वुल्फ्रॅम अँड हार्ट. पहिल्याच भागात ज्या मुलीला वाचवायचं ती एंजलच्या हातून निसटते आणि मरते. तिला मारणारा धनाढ्य व्हॅम्पायर बैठकीत बसलेला असतो, त्याचा वकील एंजलच्या हातात आपलं कार्ड ठेवतो. एंजल त्या धनाढ्याला खुर्चीसकट काचेतून उन्हात ढकलून देतो. तो हवेतच जळून जातो, आणि वकील? शांतपणे फोन उचलून वरिष्ठांना कळवतो. बफीच्या गावात असला माणूस शोधून सापडला नसता.

दुसऱ्या पर्वातला लिफ्टचा प्रसंग तर चाहते आजही घोळवून घोळवून सांगतात. सगळ्या दुष्टाव्याचं मुख्यालय गाठायचं आणि ते उद्ध्वस्त करायचं म्हणून एंजल एक जादूची अंगठी घालून लिफ्टमध्ये शिरतो. आत हॉलंड मॅनर्स उभा असतो. हा कंपनीचा मोठा अधिकारी, पण मेलेला. तिथला करारनामा मरणानेही संपत नाही. शिवाय तो मेला तोही एंजलमुळेच. तळघरात दोन व्हॅम्पायर बायकांच्या तावडीत त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना सोडून एंजलने बाहेरून दार लावून घेतलं होतं. म्हणजे लिफ्टमधला सोबती हा त्याचा एक सावकारच. लिफ्ट खाली जात राहते, हॉलंड गोड आवाजात गप्पा मारत राहतो. मग दार उघडतं, आणि समोर असतो तोच रस्ता जिथून एंजल आत आला. तीच माणसं, तीच वर्दळ. नरकाचं मुख्यालय हेच. यात ना नवा राक्षस आहे, ना ब्रह्मांडाचा नकाशा. एक कर्जदार, एक मेलेला वकील आणि उघडणारं दार, एवढ्या भांडवलावर हा प्रसंग उभा आहे. त्याच्यावरून आख्खी ‘विश्वं’ ओवाळून टाकावीत.

वेस्लीचंही तेच. बफीच्या तिसऱ्या पर्वात हा इंग्रज गृहस्थ निव्वळ टिंगलीचा विषय होता. ‘एंजल’च्या तिसऱ्या पर्वात खोट्या भविष्यवाणीवर विश्वास ठेवून तो मित्राचं तान्हं मूल पळवतो, त्यापायी गळा चिरून घेतो, आणि इस्पितळात पडलेला असताना तोच मित्र उशीने त्याचा श्वास कोंडायला धावतो. विदूषकाला इथवर आणायला लेखकांना तीन वर्षं लागली. मालिकेची पाच पर्वं आणि ११० भाग झाले, आणि २००४मध्ये ती थांबली तेव्हाही हिशोब मिटलेला नव्हता: भर पावसात, गल्लीच्या तोंडाशी, अंगावर येणाऱ्या राक्षसांच्या फौजेसमोर तलवार उगारलेला एंजल.

बाकीच्यांचं थोडक्यात उरकायला हरकत नाही. ‘द एक्स फाइल्स’मधल्या तीन विनोदी संगणकवेड्यांना २००१मध्ये ‘द लोन गनमेन’ दिली. त्यांना हवं असं काहीच नव्हतं, तेरा भागांत आटोपली. ‘द वॉकिंग डेड’च्या फांद्या मोजायला दोन हातांची बोटं लवकरच कमी पडतील. झोंबीला वासना नसते, नुसती भूक असते, म्हणून त्या बहुतेक फांद्याही नुसत्या खात सुटतात. अपवाद ‘डेड सिटी’चा, कारण तिथे नवऱ्याचा खुनी आणि त्याची विधवा यांना एकत्र मॅनहॅटनमध्ये उतरावं लागतं. २०२५ची ‘टॅलमास्का’ ही तर भुतांच्या फायली सांभाळणाऱ्या कचेरीची गोष्ट. कचेरीला कसली आलीय अतृप्त इच्छा?

‘द ओरिजिनल्स’ मात्र घाईत उरकण्यासारखी नाही. ‘द व्हॅम्पायर डायरीज’मध्ये क्लाउस मायकेलसन आला तो खलनायक म्हणून; नायिकेच्या मावशीला त्याने तिच्या डोळ्यांसमोर मारलं. अशा माणसाला नायक करायचं तर सगळ्यात सोपी वाट म्हणजे त्याला सुधारलेला दाखवणं. निर्मात्या ज्युली प्लेकने ती वाट धरली नाही. २०१३मध्ये त्याला भावंडांसकट न्यू ऑर्लिन्सला आणलं आणि मालिका केली ती भाऊबंदकीची. हो, चक्क भाऊबंदकीची. हजार वर्षं जुनी, पण आपल्या कुठल्याही गावातल्या वाटण्यांच्या भांडणाइतकी ओळखीची. भावंडांपैकी कोणी मनाविरुद्ध गेलं, की क्लाउस त्याच्या छातीत खंजीर खुपसतो, शवपेटीत निजवतो आणि ती पेटी बरोबर घेऊन गावोगाव हिंडतो. मारायचं नाही, सोडायचंही नाही. इतकी चपखल कौटुंबिक प्रतिमा घरगुती मालिकांनाही क्वचित सुचते. आणि शहरावर राज्य कोणाचं? मार्सेलचं. चाबकाचे फटके खाणाऱ्या या गुलाम पोराला क्लाउसनेच उचललं, नाव दिलं, लेक मानलं. त्याच लेकाने पुढे क्लाउसच्या बापाला, जो पोटच्या पोरांची शिकार करत हिंडायचा, न्यू ऑर्लिन्सला बोलावून घेतलं. प्रत्येक जण प्रत्येकाचं देणं लागतो. ९२ भाग लोकांनी पाहिले ते म्हणून. या व्हॅम्पायरांना मारू शकणाऱ्या व्हाइट ओकच्या खुंटीचे नियम पाठ करायला नव्हे.

मराठी प्रेक्षकाला हे काही नवीन नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६मध्ये सुरू झाली तेव्हा अण्णा नाईक पहिल्याच भागात गेले आणि उरली ती वाड्यातली भीती. २०१९मध्ये दुसऱ्या पर्वासाठी मालिका मागे वळली, ती वाड्याचा इतिहास सांगायला नव्हे. जिवंत अण्णा दाखवायला. माधव अभ्यंकरांचा अण्णा म्हणजे रगेल, लंपट, खुनशी माणूस, आणि समोर अपूर्वा नेमळेकरांची शेवंता. हे सगळं कुठे जाऊन थांबणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत होतं, आणि त्यामुळे काडीचं नुकसान झालं नाही. उलट हिशोब चढताना पाहण्यातच गंमत होती. तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता दोघंही भुतं होऊन वाड्यात वावरू लागली आणि पूर्वीचा दरारा ओसरला. जिवंतपणी अण्णा जितका भीतिदायक होता, तितका भूत झाल्यावर राहिला नाही, कारण आता त्याला गमवायला काही शिल्लक नव्हतं.

इथे कोणी ‘लेगसीज’ पुढे करेल. तीही ‘द ओरिजिनल्स’चीच लेक, नायिका क्लाउसची मुलगी होप, आणि ती चार पर्वं, ६८ भाग चालली. मग ती यशस्वी नाही का? टिकली, एवढंच म्हणता येईल. टिकणं वाहिनीच्या गणितावर असतं. चाहत्याच्या जिभेवर काय राहिलं ते पाहा. या मालिकेत मॅलिव्होर नावाचा चिखलाचा खड्डा आहे. तो ज्या प्राण्याला गिळतो, त्याची आठवणच जगातून पुसली जाते. स्मृतीच नाही तर देणं कसलं? त्यातून आठवड्याला एक राक्षस वर येतो, पोरं त्याला मारतात, पुढचा आठवडा. मालिकेने खऱ्या अर्थाने पेट घेतला तो एकदाच: होपने स्वतः त्या खड्ड्यात उडी मारली आणि जिवलगांपैकी कोणालाच ती आठवेना तेव्हा. त्या क्षणी तिला जगाकडून काहीतरी येणं झालं. मग यथावकाश सगळ्यांना सगळं आठवलं आणि पुन्हा राक्षसांची रांग लागली.

खरी तक्रार वेगळीच आहे. ‘लेगसीज’ला हिरवा कंदील मिळाला त्याच मे २०१८मध्ये, त्याच वाहिनीने ‘वेवर्ड सिस्टर्स’ला नकार दिला. ‘सुपरनॅचरल’मधून निघू शकणारी एकमेव जिवंत मालिका ती होती. त्याआधी २०१४मध्ये शिकागोतल्या राक्षस घराण्यांची ‘ब्लडलाइन्स’ मूळ मालिकेच्या एका भागात घुसवून पाहिली होती. एकही ओळखीचा चेहरा नाही, नुसतं ‘विश्व’; चाहत्यांनी ती हुसकून लावली ते ठीकच झालं. ‘वेवर्ड सिस्टर्स’ मात्र चाहत्यांनी आधी मागितली आणि मग वाहिनीने १८ जानेवारी २०१८ला तिची चाचणी घेतली. यात जोडी मिल्स आहे. या शेरीफबाईचा मेलेला मुलगा परत आला आणि त्याने तिच्या नवऱ्याला खाल्लं. क्लेअर नोव्हाक आहे, जिच्या बापाच्या देहात एक देवदूत शिरला आणि त्याने तो देह परत केलाच नाही. तो देवदूत, म्हणजे कॅस्टिएल, चाहत्यांचा लाडका. आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं की या पोरीला स्वतःचा मेलेला बाप दिसतो. एवढी उधारी एका घरात, सू फॉल्सच्या एका स्वयंपाकघरात जमली होती, आणि वाहिनीला ती नको झाली. कारण बाजूला ‘मायकेलसन’ हे आडनाव होतं. आडनाव विकलं जातं म्हणे! चार वर्षांनी ‘विंचेस्टर’ हे आडनाव विकायला काढलं, त्याची कथा वर आलीच आहे.

वाहिन्या चाहत्याला ‘निष्ठावंत’ म्हणतात, जणू तो नाममुद्रेचा भक्त आहे. चाहता भक्त नव्हे, कारकून आहे. कोणी कोणाला मारलं, कोणी कोणाची माफी मागितली नाही, कोणता शब्द अर्धा राहिला, हे तो मालिकेच्या लेखकांपेक्षा नेटकं टिपून ठेवतो. त्याच्यासमोर दुसरी वही उघडली की तो उठून जातो.

‘वेवर्ड सिस्टर्स’च्या चाचणीच्या त्या भागात काया नावाची मुलगी भाला लागून पडते. क्लेअरचा तिच्यावर जीव जडलेला असतो. शेवटच्या दृश्यात दुसऱ्या एका भयाण जगाकडच्या फटीतून टोपडं घातलेली एक आकृती या जगात येते, टोपडं मागे सारते, आणि तो चेहरा कायाचाच निघतो. मालिका झाली नाही, पण मूळ मालिकेने मार्च २०२०मध्ये ‘गॅलॅक्सी ब्रेन’ या भागात खऱ्या कायाला त्या भयाण जगातून सोडवून आणलं. जोडी तिला घरी घेऊन गेली. त्या भागात क्लेअर नव्हती. आठ महिन्यांनी ‘सुपरनॅचरल’ संपली, आणि त्या दोघींची दारातली भेट पडद्यावर झालीच नाही.