उत्तरे आहेत, कारणे नाहीत

फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही मोटार १९०८ ते १९२७ या काळात तयार होत होती. सुमारे दीड कोटी गाड्या निघाल्या. गाडीच्या मालकांसाठी कंपनीने प्रश्नोत्तरांच्या रूपात एक छोटी पुस्तिका काढली होती. आजही जुन्या मॉडेल टीचे इंजिन खोलून पुन्हा बांधणारे हौशी लोक ती वाचतात. तिच्यातील एक उत्तर आपण शिक्षक म्हणून तपासून पाहू. प्रश्न आहे: कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग कसे जुळवावे?

आधी हा भाग समजून घेऊ. पिस्टनची वर-खाली हालचाल कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्टला मिळते व तो फिरू लागतो. रॉडचे खालचे टोक दोन अर्ध्या भागांचे असते. खालच्या अर्ध्या भागाला कॅप म्हणतात. दोन्ही भाग क्रँकशाफ्टच्या गोल पिनेभोवती बोल्टांनी आवळतात. आत व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचे अस्तर असते. ते झिजले की पिन सैल होते आणि इंजिन ठोकल्यासारखा आवाज करते.

पुस्तिकेचे उत्तर थोडक्यात असे. तेल काढा, खालची झाकणपट्टी उघडा. पहिल्या रॉडची कॅप काढून तिची टोके कानशीने अगदी थोडी थोडी घासा. खुणा जुळवून कॅप बसवा, आवळा, आणि हँडल फिरवून घट्टपणा पाहा. जाणकार मिस्त्री कॅपला दोन्ही बाजूंनी हातोडीने हलके ठोकून अंदाज घेतात. मग ते बेअरिंग पुन्हा सैल करा व पुढचे घ्या. सगळी जुळली की आवळा, काम पूर्ण.

या उत्तराचा गुण प्रथम सांगितला पाहिजे. क्रम स्वच्छ आहे, भाषा साधी आहे, आणि प्रत्येक वेळी हातानेच पडताळा घ्यायला सांगितले आहे. बेअरिंग फार घट्ट झाले तर अस्तर लवकर खराब होईल, म्हणून मागची चाके उचलून इंजिन सुमारे दोन तास हळू चालवावे, अशी सूचनाही आहे. शक्यतो हे काम तज्ज्ञ मिस्त्रीकडून करून घ्यावे, हा सल्लाही प्रामाणिक आहे.

मात्र आमची तक्रार अशी की, या उत्तरात ‘का’ कुठेच नाही. जुळलेले बेअरिंग पुन्हा सैल का करायचे? कारण चार रॉड आहेत. पहिले घट्ट राहिले तर हँडल फिरवताना लागणारा जोर कोणत्या बेअरिंगमुळे, हे हाताला कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा मूळ नियमच येथे लपला आहे. तो न कळलेला माणूस ही पायरी वेळखाऊ म्हणून गाळील. हातोडीचेही तसेच. ठोकल्यावर काय दिसावे, हे लिहिलेलेच नाही. बेअरिंग योग्य असेल तर रॉड पिनेवर बाजूला किंचित सरकतो. फार घट्ट असेल तर सरकत नाही.

सर्वांत मोठी उणीव फटीविषयी आहे. पिन आणि अस्तर यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहण्यापुरती जागा हवी. ढोबळ नियम असा की, पिनेच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट ठेवावी. मॉडेल टीची पिन सुमारे सव्वा इंच, म्हणजे फट सुमारे ०.०३ मिलिमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी. हे ज्ञान तेव्हा नवे नव्हते. ब्यूशँप टॉवर यांनी १८८३ मध्ये रेल्वेच्या बेअरिंगवरील प्रयोगांत पाहिले की, बेअरिंगच्या छिद्रात ठोकलेल्या खुंटीला आतले तेल बाहेर ढकलून देते. फिरणारी पिन स्वतःच तेल ओढून दाब निर्माण करते व त्यावर तरंगते. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले.

फट लक्षात घेतली की कानशीची मर्यादाही कळते. कॅपची टोके घासल्याने फट फक्त उभ्या दिशेने कमी होते. बाजूंना ती तशीच राहते. भोक नीट गोल उरत नाही. पिनही झिजून लंबगोल झाली असेल तर एका जागी घट्ट व दुसऱ्या जागी सैल लागेल. म्हणून आज हौशी लोक पिन मायक्रोमीटरने निरनिराळ्या दिशांनी मोजतात. फट पाहण्यासाठी प्लॅस्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा पिनेवर ठेवून कॅप आवळतात, पुन्हा काढतात आणि चपट्या झालेल्या धाग्याची रुंदी मोजतात. धागा जितका रुंद, तितकी फट कमी. वर्गात सारख्या जाडीच्या मातीच्या वळ्या दोन काचपट्ट्यांत कमी-अधिक दाबून हे तत्त्व सहज दाखवता येईल.

कारणे दिली तर पुस्तिका जाड होईल, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. “पिन तेलावर तरंगते, म्हणून तेलापुरती फट ठेवा. एकेक बेअरिंग स्वतंत्रपणे तपासता यावे, म्हणून बाकीची सैल ठेवा.” एवढी दोन वाक्ये पुरली असती. आपल्या प्रयोगवह्यांतील ‘कृती’ या मथळ्याखालची वाक्येही याच दृष्टीने एकदा वाचून पाहावीत. जिथे विद्यार्थी पायरी गाळतात, तिथे बहुधा तिचे कारण लिहायचे राहिलेले असते.