महाराज, आता थोडं बाजूला व्हा

सयाजीरावांवरचं आणखी एक पुस्तक परवा घरी आलं. मुखपृष्ठावर तीच पगडी, आत तेच प्रसंग: कवळाण्याहून आणलेला मुलगा, सक्तीचं शिक्षण, गावोगावची वाचनालयं, आंबेडकरांची शिष्यवृत्ती. बाबा भांडांचं ‘युगद्रष्टा महाराजा’ आलं, महाराष्ट्र शासनाच्या चरित्र साधने समितीने खंडांमागून खंड काढले. त्यानंतरही या विषयात नवं सापडेल, नाही असं नाही. पण त्यासाठी दफ्तरात धूळ खात बसावं लागतं. आमचे लेखक भाषणाचा लेख करतात आणि लेखांचं पुस्तक. बडोद्यातलं मराठी लेखन म्हणजे महाराजांची आरती, ही समजूत बाहेरच्यांनी नाही, आपणच करून घेतली आहे.

कविता चंद्रशेखर आणि यशवंत या दोन राजकवींच्या पुण्याईवर चालू आहे. विनोद चिं. वि. जोशींबरोबर संपला. स्मरणिकांविषयी काही न बोललेलंच बरं.

मला गोडी आहे ती आपलं काम आतून जाणणाऱ्यांच्या लेखनाची, आणि ते याच गावात झालेलं आहे. माधव आचवल इथल्या विद्यापीठात वास्तुकला शिकवत. त्यांची ‘किमया’ 1961ची. ललितगद्याच्या कप्प्यात टाकून आपण तिचं कौतुक करतो आणि मोकळे होतो. मी ती धंद्याच्या माणसाचं पुस्तक म्हणून वाचतो. जागा ही नुसती बघायची नसते. तिच्यात शिरायचं, थांबायचं, उजेड कुठून येतो ते अंगावर घ्यायचं, हे नकाशे काढून आणि मुलांचे नकाशे तपासूनच कळतं. आचवलांची भाषा तरल आहे असं म्हणतात. असेल. मला ती मोजमाप करून लिहिलेली वाटते, आणि तिची तरलता त्या मोजमापातूनच आलेली आहे. त्यांच्यानंतर इथल्या कलाशाखेतून आणि वास्तुशाखेतून किती मराठी माणसं शिकून, शिकवून गेली! त्यांच्या हातच्या कामाचं गद्य कुठे आहे? गुजरातीत गुलाममोहम्मद शेखांनी ‘घेर जतां’ लिहिलं, 2022चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. चित्रकार होते म्हणून लिहायचं त्यांचं काही अडलं नाही.

आचवलांच्या आधीचं उदाहरण द्यायचं तर दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा ‘व्यायामज्ञानकोश’. दहा खंड, 1936 ते 1949. साहित्याच्या इतिहासात त्याला कोणी उभं करणार नाही. पण मल्लखांबाची पकड किंवा कुस्तीतला पेच शब्दांत बसवून पाहा, म्हणजे मराठी वाक्याला किती कसरत करावी लागते ते कळेल. आणि इतिहासकार सरदेसाई. 1889 ते 1925 इतकी वर्षं गायकवाडांच्या चाकरीत काढून त्यांनी रियासती लिहिल्या, हे सर्वांना पाठ आहे. मला मात्र ‘श्री सयाजीराव गायकवाड यांच्या सहवासात’ जास्त जवळचं वाटतं. त्यातही महाराजच आहेत, पण रोज वाचून दाखवायला जाणाऱ्या, राजपुत्रांना शिकवणाऱ्या नोकराच्या उंचीवरून दिसलेले. आजच्या चरित्रकाराकडे तसा स्वतःचा कोपराच नाही. तो थेट पुतळ्यासमोर उभा राहतो.

निसर्गाचं तर विचारूच नका. 1909च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा कीर्तिकर हे फौजी डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ अजून वापरात आहे. वनस्पती ओळखणारा माणूस साहित्याच्या अध्यक्षपदी बसू शकतो, असं तेव्हा वाटत होतं. आज डभोईजवळचा वढवाणा तलाव 2021 पासून रामसर यादीत आहे, थंडीत तिथे पट्टकदंब उतरतात. त्यांच्याविषयी आपण वर्तमानपत्राच्या बातमीपलीकडे जात नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा तिच्याबरोबर मगरी आल्या, सोसायट्यांच्या अंगणातून त्या पकडून न्याव्या लागल्या. त्यावर माझ्या वाचनात आलं ते सगळं ‘निसर्गाचा कोप’ या छापाचं. मगर नदीच्या काठात बीळ कुठे करते, पाणी चढलं की ती का बाहेर पडते, हे विचारायला एकही लेखक वनखात्याच्या माणसाकडे गेलेला दिसला नाही. गणेश देवींचं ‘वानप्रस्थ’ हा अपवाद. पण ते शहर सोडून तेजगढला गेलेल्या माणसाचं लेखन आहे.

जून 2025 मध्ये मारुती चितमपल्ली गेले तेव्हा इथेही श्रद्धांजली सभांची भाषणं झाली. त्यांनी काय केलं होतं? वनखात्यात नोकरी केली आणि जंगलातल्या माणसांचे शब्द वहीत उतरवले. सोलापूरच्या माणसाने गोंड-माडियांचे शब्द मराठीत आणले तर ते वैभव, आणि बडोदेकराने आपल्या घरातले शब्द लिहिले तर ती भेसळ! माझ्या एका लेखातली ‘पोळ’ पलीकडच्या एका संपादकांनी परस्पर ‘गल्ली’ केली. त्यांच्या वाचकांना पोळ म्हणजे मोकाट सुटलेला बैल वाटेल, असं त्यांचं म्हणणं. वाटू दे! पोळीला रात्री लावायचा दरवाजा असतो, आत कुणाच्या घरी कोण आलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. गल्लीत हे काही नाही. ‘हिंचका’ काढून ‘झोपाळा’ घातला की पाठोपाठ त्यावर बसलेली आजीही पुण्याची होते. मराठी मरतेय म्हणून गळा काढणारे आणि ती धुऊन पुसून पुणेरी करणारे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आपल्या कामाविषयी, आपल्या शब्दांत लिहा म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: साहेब, इथे विषय कुठे आहेत? डभोई-मियागाम रुळांवर 1862 साली खंडेरावांच्या राज्यात बैलांनी गाडी ओढली. अलेंबिक 1907 पासून आहे, कोयलीची रिफायनरी 1965 पासून, बाजव्याला खतांचा कारखाना. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या कितीतरी घरांतून माणसं तिथे शिफ्टला गेली आणि निवृत्त होऊन परत आली. ती संध्याकाळी सूरसागरच्या काठावर भेटतात. कुठला व्हॉल्व्ह कसा अडकायचा, रात्रपाळीत कुठल्या वासाने जाग यायची, हे तासभर सांगतात. लिहा म्हटलं की हसतात. वय झालं म्हणतात. सरदेसायांनी ‘सहवासात’ प्रसिद्ध केलं तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.