‘राग’ : एका शब्दाच्या दोन बाजू

प्रस्तुत टिपणात ‘राग’ या दोन अक्षरी शब्दाच्या अर्थभेदाचा विचार करावयाचा आहे. संस्कृत, हिंदी, बंगाली आणि मराठी या चारही भाषांत हा शब्द आढळतो. परंतु त्याचा आशय सर्वत्र सारखा नाही.

‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे, या संस्कृत धातूपासून ‘राग’ सिद्ध होतो. रंग, लाली आणि मनावर चढलेला रंग म्हणजे प्रीती किंवा आसक्ती, असा त्याचा अर्थविस्तार आहे. मतंगाच्या ‘बृहद्देशी’तील रागाची व्याख्याही जनचित्ताच्या रंजनावरच आधारलेली आहे. उस्ताद अल्लादियाखाँ १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या आश्रयास आले, त्या कोल्हापुरात हा सांगीतिक अर्थ वेगळा सांगावयास नको. हिंदीत संगीत व आसक्ती हेच अर्थ प्रामुख्याने टिकले. मराठी आणि बंगाली व्यवहारात मात्र ‘राग’ म्हणजे क्रोध. प्रीतीने आणि संतापाने चेहरा सारखाच लाल होतो. या परिवर्तनाचा दुवा तेथे असावा.

खरा प्रश्न जोडशब्दांत उद्भवतो. ‘रागद्वेष’ या संस्कृत समासात राग हा द्वेषाच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे आसक्तीच्या बाजूला आहे. मराठी ‘रागलोभा’त तोच शब्द नेमका उलट बाजूला जाऊन बसतो. तेथे लोभ म्हणजे जिव्हाळा. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे आपण लिहितो तो. एकाच शब्दाने एका जोडीत स्नेहाची आणि दुसऱ्या जोडीत रोषाची जागा घ्यावी, हे लक्षणीय आहे.

याचा परिणाम ग्रंथवाचनावर होतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५६ व्या श्लोकात स्थितप्रज्ञाच्या संदर्भात राग, भय आणि क्रोध यांचा स्वतंत्र निर्देश आहे. राग म्हणजे क्रोधच असे मानल्यास तेथे पुनरुक्ती होते. विनोबांनी ‘गीताई’त (१९३२) या ठिकाणी ‘तृष्णा’ हा शब्द योजून संदिग्धता टाळली. मात्र ६४ व्या श्लोकात त्यांनी ‘रागद्वेष’ कायम ठेवला. तो जोडशब्द मराठीत रूढ असल्याने परका वाटत नाही आणि म्हणूनच अधिक फसवतो. संताप व वैर सोडावे, एवढाच बोध विद्यार्थी घेतो. प्रियाविषयीची ओढही तपासावयाची आहे, हा अधिक कठीण अर्धा भाग निसटतो.

अपरिचित शब्दासाठी वाचक कोश उघडतो. परिचित शब्दासाठी उघडत नाही. म्हणून संस्कृत ग्रंथ मराठीतून शिकविताना तत्सम शब्द ‘सोपे’ म्हणून वगळणे योग्य नव्हे. ‘अनुराग’ आणि ‘वैराग्य’ या शब्दांत जुना अर्थ मराठीतही जिवंत आहे. अध्यापनाचा आरंभ तेथूनच करता येईल. वैराग्य म्हणजे न रागावणे नव्हे, हे प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास ठाऊक असते; ‘रागद्वेषा’तील राग त्याला याच शब्दाच्या आधारे समजावून देणे शक्य आहे.