मॉरिशसच्या नोंदवह्या आणि ‘सुलतानपूर’

परदेशीं गेलेल्या पूर्वजाचें मूळ गांव केवळ नामसादृश्यावरून ठरविण्याचा प्रघात अलीकडे वाढत आहे. त्याची चिकित्सा करणें अवश्य आहे.

1834 च्या नोव्हेंबरांत ‘अ‍ॅटलस’ जहाजानें कलकत्त्याहून 36 गिरमिटी मजूर मॉरिशसास उतरले. पुढें सुमारें 4,50,000 हिंदी माणसें तेथें गेलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठीभाषी बरेच असून पुष्कळजण रत्नागिरीकडील होते. त्यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेल्या आहेत. प्रत्येकास क्रमांक असे. नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, अंगावरील खूण, जिल्हा व गांव असे तपशील लिहीत. पुढें छायाचित्रांचीही भर पडली.

इतकें साधन हातीं असतां निर्णय सुलभ वाटतो. परंतु एखाद्या नोंदींत ‘सुलतानपूर’ एवढेंच गांव आढळलें, तर लोणारजवळच्या आमच्या सुलतानपुरानें तो पूर्वज आपला म्हणावा काय? एक सुलतानपूर अयोध्या प्रांतांत जिल्ह्याचें मुख्य ठिकाण आहे, व त्या बाजूनें गिरमिटी मजूर मोठ्या संख्येनें गेले. दुसरें खानदेशांत शहाद्याजवळ असून एके काळीं परगण्याचें ठिकाण होतें. तेव्हां नाम हें प्रमाण नव्हे.

प्रथम बंदर पाहावें. कलकत्ता असल्यास अयोध्येचा पक्ष बळावतो. मुंबई असल्यास खानदेश व वऱ्हाड यांचा विचार प्राप्त होतो. नंतर साल पाहावें. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या अंमलाखालीं होता व बुलढाणा जिल्हा त्यानंतरचा. म्हणून जुन्या नोंदींत जिल्ह्याचें नांव नाहीं एवढ्यावरून वऱ्हाडाचा पक्ष खोडतां येत नाहीं. जातीच्या रकान्यावर फार भिस्त ठेवूं नये. कारकून ऐकेल तसें लिही, आणि ‘मराठा’ शब्द इंग्रजी दप्तरांत पुष्कळदां सैलपणें वापरलेला असे. बापाचें नांव मात्र मोलाचें. तें नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांशीं ताडून पाहावें.

अमेरिकेंतील आयरिश वंशजांपुढेंही हाच पेंच आहे. तिकडील कागदांत जन्मस्थान बहुधा ‘आयर्लंड’ एवढेंच. आणि डब्लिनचें सरकारी दप्तर 1922 सालीं जळाल्यानें एकोणिसाव्या शतकांतील खानेसुमारीचा मोठा भाग नष्ट झाला. म्हणून तेथील साक्षेपी शोधक एकाच माणसाचा माग न काढतां, त्याच्या सोबतचे प्रवासी, शेजारी व लग्नाचे साक्षीदार यांचींही गांवें धुंडाळतो. मॉरिशसच्या नोंदींसही ही रीत लागू करण्यासारखी आहे; एका जहाजावर एकाच भागांतील सोबती आढळल्यास संशय बराच दूर होतो.

चुकीचें गांव दिल्यानें वंशज परक्या कुलदैवतापुढें नारळ फोडून परततो, आणि त्याचे खरे भाऊबंद त्यास अंतरतात. सबब पुरावा जुळेपर्यंत वंशावळींत ‘सुलतानपूर’ एवढेंच लिहून जिल्ह्याची जागा मोकळी सोडावी, हें उत्तम.